जागीरदाराच्या कोठीतली पूजा रूम

भुताखेतांचे किस्से रंगवून सांगणाऱ्या माणसांपासून मी चार हात लांब असते. आमच्या ऑफिसात एक बाई आहेत, त्यांना दर अमावास्येला काही ना काही दिसतं. त्यांनी डबा उघडून सुरुवात केली की मी पाण्याची बाटली भरायला उठते. आज मीच या सदरासाठी असलं काही लिहायला बसले आहे, हे त्यांना कळलं तर त्या पेढे वाटतील.

मी भोपाळच्या आनंद नगरला राहते. रायसेन रोडवरच्या मोठ्या कारखान्यात, मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये, सव्वीस वर्षं नोकरी झाली. धातूचा तुकडा कापायचा, घासायचा, मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि जे दिसेल ते लिहायचं... एवढंच माझं काम. जे दिसत नाही ते मी लिहीत नाही. आणि खाली लिहिलंय ते सगळं मी पाहिलेलं आहे, काही तर माझ्या नखांत अडकलेलं होतं. ज्यांना किळस लवकर येते त्यांनी जेवणानंतर लगेच वाचू नये.

माझी मुलगी सई हिचं लग्न गेल्या फेब्रुवारीत झालं. मुलगा इंदूरचा, आपल्यातलाच. माझं म्हणणं होतं की भोपाळमध्ये एखादा साधा हॉल घ्यावा. पण सईला ‘हेरिटेज’ हवं होतं. “आई, आजकल सगळे डेस्टिनेशनच करतात, यार!” डेस्टिनेशन म्हणजे काय, तर आमच्या घरापासून अठरा किलोमीटर. रायसेन रोडने पुढे जाऊन डावीकडच्या रस्त्याला वळलं की शेतांच्या मधोमध एक जुनी दगडी कोठी आहे. भोपाळवर राज्य करणाऱ्या मुसलमान बेगमसाहिबांच्या दरबारातल्या कुणा जागीरदाराने बांधलेली. कमानी, जाळीच्या खिडक्या, उंच छतं. संस्थान विलीन झाल्यावर ती सरकारजमा झाली, मग तिथे कसली कसली ऑफिसं आली नि गेली, आणि आता कुणा पार्टीने लीजवर घेऊन तिचं मॅरेज गार्डन केलंय.

पाहायला गेलो तेव्हाच मला ती आवडली नव्हती. दीडशे वर्षांच्या दगडावर यांनी सोनेरी ऑइलपेंट मारलेला. कमानीत प्लास्टिकची फुलं, आणि दिवाणखान्यात थर्माकोलचे दोन हत्ती. मॅनेजर एकेक खोली दाखवत होता. “ये महारानी सुईट है मैडम... ये राजा साहब का दरबार...” भोपाळला कधी महाराणी होती, हे त्यालाच माहीत! शेवटी म्हणाला, “और आप लोगों के लिए स्पेशल, ये पूजा रूम. बेगम साहिबा के ज़माने का.”

बेगमसाहिबांच्या काळातली पूजा रूम! इतका मोठा विनोद समोरच्याने केला, आणि आम्ही नवरा-बायकोने माना डोलावल्या. कारण खोली खरोखर छान होती. मागच्या बाजूला, लहानशी, स्वच्छ. पूर्वेच्या भिंतीला लागून कमरेएवढा दगडी ओटा. ओट्याला मधून एक पन्हाळ कोरलेली, उताराने उत्तरेकडे जाणारी. आमचे हे तर खूश. म्हणाले, “अगं, अभिषेकाचं पाणी उत्तरेला जावं म्हणून केलंय बघ. देवक इथेच बसवायचं.”

देवक म्हणजे लग्नघरात आदल्या दिवशी आपण ज्या देवता बसवतो त्या... कलश, सुपात मातृकांच्या सुपाऱ्या, आंब्याची पानं. एकदा बसवलं की लग्न लागेपर्यंत हलवायचं नाही, आणि त्या खोलीत सोवळं पाळायचं. मी एरवी सोवळ्याओवळ्याची फारशी नाही. पण इंदूरचे लोक कडक होते, लसूणसुद्धा न खाणारे, आणि विहीणबाईंसमोर मला कुठेही कमी पडायचं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही कोठीवर मुक्कामाला गेलो. त्या खोलीचा ओटा मी स्वतः धुतला, रांगोळी काढली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. खोलीला एकच दार. वर एक झरोका, तोही काच घालून पक्का बंद केलेला.

शुक्रवारी सकाळी सात वाजता दारापाशी एक बाई बादली-झाडू घेऊन उभी. केसरबाई. पन्नाशीची, काटकुळी, पदर घट्ट खोचलेला. आदल्या संध्याकाळी आमची थोडी ओळख झाली होती. जवळच्याच गावची, नवरा तळ्यावर जाळं टाकतो, मुलगी कॉलेजात शिकते, असं सगळं तिने हौसेने सांगितलं होतं.

“भाभीजी, चाबी दे दो. एक बार झाड़ू मार लूँ.”

“नहीं नहीं, अब पूजा है. अब कोई अंदर नहीं जाएगा.”

“बस दो मिनट, भाभीजी. सुबह-सुबह इस कमरे में झाड़ू लगानी ही पड़ती है.”

“मैंने खुद धोया है कल,” मी जरा कडक आवाजात म्हणाले. ती दोनदा म्हणाली, मी दोनदा नाही म्हणाले. मग ती बादली घेऊन बाजूच्या पायरीवर बसून राहिली. मला तिचा तो हट्ट उगाच वाटला होता.

नऊला गुरुजी आले. कुलूप काढलं तर आत किंचित वास होता. कोंदट, ओलसर. मी म्हटलं, बंद खोली, नवा रंग, असायचाच. उदबत्ती लावली, देवक बसलं, सगळं व्यवस्थित झालं.

अकरा वाजता विहीणबाई उष्टी हळद घेऊन आल्या. नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद मुलीला लावायची, ती वाटी त्यांनी देवकापुढे ठेवली. नमस्कार केला. मग कुंकवात रंगवलेल्या तांदळाच्या अक्षता वाहायला म्हणून चिमूट उचलली, आणि तशाच थांबल्या.

“अहो वर्षाताई, हे काय?”

त्यांच्या बोटाला काहीतरी चिकटलं होतं. नखाएवढं, गोलसर, पातळ, पारदर्शक. कडेला जरासं कुंकू लागलेलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा असा काही आक्रसला की तो मी अजून विसरलेले नाही.

“माशाचं खवलं आहे हे,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, “तुमच्याकडे चालतं वाटतं?”

मागे त्यांच्या दोन जावा, नणंद, सगळ्या उभ्या. मॅनेजरही कुणाला तरी शोधत तिथे आलेला. माझ्या अंगातलं सगळं रक्त तोंडावर आलं. अक्षतांच्या वाटीत पाहिलं तर अजून तीन-चार. तांदळात तांदळासारखीच मिसळून गेलेली... आणि वास! आता तो लपत नव्हता. बाजारात माशांच्या गल्लीवरून जाताना आपण श्वास धरतो, तो वास. देवकासमोर.

आणि त्या क्षणी माझी नजर पायरीवर बसलेल्या केसरबाईकडे गेली.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मलाच पुन्हा पुन्हा आठवत राहतं. मी म्हणाले, “ये औरत मछलीवाली है. इसी के हाथ से आया होगा. सुबह से यहीं चिपकी बैठी है.”

ती उठून उभी राहिली. तिला आधी कळलंच नाही की हे तिच्याबद्दल आहे. मग म्हणाली, “मैं तो अंदर गई ही नहीं भाभीजी. चाबी तो आपके पास है.” आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. “सूँघ लो. आप ही सूँघ लो.”

मी पदर नाकाला लावला आणि एक पाऊल मागे सरकले.

मॅनेजरला तेवढंच पुरलं. पाहुण्यांसमोर रुबाब दाखवायची संधी तो कशाला सोडतो! “क्यों री, कित्ती बार बोला है नहा-धो के आया कर! चल, निकल यहाँ से. कल से मत अइयो.” ती सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून गेली. रडली वगैरे नाही. विहीणबाईंचा चेहरा जरा निवळला, त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं.

देवक तर हलवता येत नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं, आंघोळ करून आले, ओटा आजूबाजूने तीनदा पुसला. अक्षता फेकल्या. घरून आणलेल्या पिशवीतले तांदूळ, घरचं कुंकू, स्वतःच्या हाताने नव्या केल्या. हळदीची वाटी निरखून पाहिली, ती स्वच्छ होती. पुन्हा कुलूप, पुन्हा किल्ली कमरेला. केसरबाई तोवर कोठीच्या फाटकाबाहेर गेलेली होती, तिला जाताना मी खिडकीतून पाहिलं होतं.

बारा वाजता कुलूप काढून हळदीची वाटी बाहेर आणली. लॉनवर सईला पाटावर बसवलं होतं, ढोलकी चालू, मुली नाचताहेत. सवाष्णींनी हळद लावायला सुरुवात केली. माझी पाळी आली. मी तिच्या गालावर बोट फिरवलं आणि बोटाखाली काहीतरी घसरलं.

गालावर एक. हनुवटीखाली दोन. मानेवर, खांद्यावर... पिवळ्या हळदीत चिकटलेली, उन्हात चमकणारी. सई हसत होती. “आई, ह्यात ग्लिटर टाकलंय का? सो प्रिटी!” सगळ्या म्हणाल्या, हो ना, कित्ती छान. विहीणबाई लांब खुर्चीवर बसून ढोकळा खात होत्या. वाटी मी नाकाशी नेली, तोच वास होता.

नंतर सईला न्हाऊ घालताना मी एकेक खवलं नखाने काढत होते. काही अशी चिकटलेली की ओढावी लागत होती, खाली कातडीवर लालसर गोल उमटत होता. माझ्या पोरीच्या अंगावरून मी मासा सोलल्यासारखी खवली काढत होते, आणि ती गाणं गुणगुणत होती. मला इतकी शिसारी आली की न्हाणीघराच्या मोरीत मी दोनदा ओकले. तिला सांगितलं, ॲसिडिटी.

केसरबाईचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाच पक्कं कळलं होतं. बाहेर जाऊन मॅनेजरला एवढंच म्हणायचं होतं, “तिला परत बोलवा, माझी चूक झाली.” पण मग त्याने विचारलं असतं, कशावरून? आणि मला सांगावं लागलं असतं की खवली अजून येताहेत, नवरीच्या अंगावर येताहेत. ते इंदूरच्या लोकांच्या कानावर गेलं असतं... मी गप्प बसले. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.

चार वाजता तुलसी नगरहून बाळूमामा आले. माझे सख्खे मामा, वय त्र्याऐंशी. नागपूरहून त्यांचे वडील सरकारी ऑफिसाबरोबर इथे आले, आणि मामासुद्धा सरकारी खात्यातच लागले. गाडीतून उतरल्यावर ते कोठीकडे बघतच राहिले.

“काहून गं वर्षे, ही तर आमची कोठी हाय!”

मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलताहेत. पण ते काठी टेकत बरोब्बर मागच्या बाजूला, त्या खोलीपाशी आले. मी कुलूप काढलं. त्यांनी आत पाहिलं, ओट्यावरचा कलश पाहिला, आणि दारातच थांबले.

“इथे देवक बसवलं? अगं पोरी... इथे आम्ही मुंडकी फोडत होतो.”

मग त्यांनी सांगितलं. जागीरदाराची कोठी सरकारने घेतल्यावर आधी तिथे धान्याचं गोदाम होतं. नंतर बरीच वर्षं मत्स्यबीज केंद्र. मामा तिथे क्लार्क होते. आता जिथे लॉन आहे तिथे माशांच्या टाक्या होत्या. पावसाळ्यात मासे हवे तेव्हा अंडी घालत नाहीत, म्हणून मेलेल्या माशांच्या मेंदूतली एक बारीकशी गाठ काढून, तिचा अर्क जिवंत माशांना टोचायचे. त्यासाठी बाजारातून माशांची डोकी पोत्यांनी यायची. या ओट्यावर ती फोडायची, धुवायची. ओटा खात्याने बांधला होता. पन्हाळ अभिषेकासाठी नव्हती.

“पण मामा, ते बंद होऊन किती वर्षं झाली?”

“तुझ्या लग्नाच्या आधीच बंद झालं.”

मी कागदाच्या पुडीत ठेवलेली दोन खवली त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एक बोटांत चोळलं. “रोहूचं हाय. अन् ताजं. तासाभरापूर्वीचं असल इतकं ताजं.” मग माझ्या हातात परत देऊन म्हणाले, “कोणाला बोलू नको. उद्या लग्न लागू दे.” सगळं घराणंच माझं गप्प बसण्यात हुशार.

लग्न लागलं. फोटो सुंदर आले. संध्याकाळी देवक उठवायला मी एकटी आत गेले. पन्हाळीतून पाण्याची बारीक गुलाबी धार उत्तरेच्या कोपऱ्यात चालली होती. खोलीत नळ नाही. कलशातलं पाणी काठोकाठ होतं, सांडलेलं नव्हतं. सुपातल्या सुपाऱ्या उचलायला गेले तर बोटांतून निसटल्या. बुळबुळीत. सगळ्यांवर चिकट, थंड लाळेसारखं काहीतरी. कुलदेवतेची क्षमा मागून मी त्या उचलल्या, तेव्हा माझं तोंड मी घट्ट मिटून घेतलं होतं. हात किती वेळा धुतले ते विचारू नका.

मंगळवारी कामावर गेले तेव्हा पुडी पर्समध्ये होती. लंचमध्ये लॅब रिकामी असते. एक खवलं स्लाइडवर ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. वाढीची वर्तुळं एकात एक, स्पष्ट. चमकी नाही, प्लास्टिक नाही, अभ्रक नाही. उंदीर, मांजर, पक्षी, सगळ्यांचा विचार करून झाला. बंद काचेतून आणि कुलपातून यांतलं कुणीही आत येत नाही.

त्या शनिवारी मी ऑटो करून केसरबाईच्या गावी गेले. ह्यांना सांगितलं नाही. दोन खोल्यांचं घर, अंगण शेणाने सारवलेलं, दारात तुळस. तिने मला खाट दिली, पाणी दिलं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. हळदीचं, सुपाऱ्यांचं, मामांचं.

तिला काहीच नवल वाटलं नाही. “वो तो रोज़ निकलती थीं, भाभीजी. जब से काम पे लगी, तब से. सुबह-सुबह उसी चबूतरे पे, मुट्ठी भर. गीली. मैं सबसे पहले जाके झाड़ लेती थी, गाँव के तालाब में डाल आती थी. किसी मेहमान को पता नहीं चला कभी.”

“फिर मैनेजर को बताया क्यों नहीं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाने काहीतरी विचारावं. “बताती तो नाम किसका आता? मछलीवाली तो मैं ही थी वहाँ.”

म्हणजे त्या सकाळी ती माझ्याचसाठी दोनदा किल्ली मागत होती. आणि मी सोवळं सांभाळत होते.

मी म्हटलं, मी मॅनेजरशी बोलते, तुम्हाला परत घ्यायला लावते. ती नको म्हणाली. तिकडे पाऊल ठेवायचं नाही, दुसरं काम बघितलंय म्हणाली. मग मी पर्स उघडायला लागले, तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. “ये रहने दो. देना है तो एक चीज़ दो. जिनके सामने बोला था, उन्हीं के सामने बोल दो कि केसर मच्छी लेके नहीं आई थी. मेरी बिटिया से कॉलेज में लड़कियाँ पूछती हैं.”

मी हो म्हणाले. लगेच, तोंडभरून हो म्हणाले.

येताना कोठीवर थांबून मॅनेजरला सांगितलं. तो हसला. “अरे मैडम, छोड़ो ना, नई बाई आ गई है.” पूजा रूमबद्दल त्याच्याकडेही तक्रारी आल्या असणार, कारण मध्यंतरी त्या मार्गे गेले तर बोर्ड बदललेला होता. आता तिथे चाट काउंटर आहे. त्या ओट्यावर दहीवडे मांडलेले मी या डोळ्यांनी पाहिले, आणि लोक मिटक्या मारत खात होते. धान्य, मासे, देव, दहीवडे... ज्याला जे हवं ते त्याने त्या घरात भरलं, आणि आधीचं कुणी नीट काढलं नाही.

बंद खोलीत, पंचवीस-तीस वर्षांनी, ताजी खवली कुठून येतात? माझ्याकडे उत्तर नाही. मामांकडे नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण मला वाटत नाही असेल.

खवल्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची शिसारी मला आता जास्त येते. लग्नाला सात महिने झाले. या सात महिन्यांत विहीणबाई तीनदा आमच्याकडे येऊन गेल्या. गणपतीची खरेदी झाली, सईचं डोहाळजेवण ठरतंय. प्रत्येक वेळी मी सांगणार होते, आणि प्रत्येक वेळी चहा केला. समोर बसून हे बोलायची हिंमत माझ्यात नाही, हे आता मला कळून चुकलंय.

विहीणबाई हे सदर दर महिन्याला वाचतात. जावांनाही वाचून दाखवतात.

मालतीताई, त्या दिवशी किल्ली माझ्या कमरेला होती. केसरबाईंनी मासे आणले नव्हते.